पिल्लू घरी आणताय? क्रेट कसा निवडावा आणि त्याची सवय कशी लावावी



1 मे रोजी निकाल लागला की घरोघरी मुलांच्या मागण्या सुरू होतात. सायकल, पोहण्याचा क्लास, मामाचं गाव, आणि हल्ली त्यात आणखी एक मागणी हमखास असते, ती म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. सुट्टी असते, सगळे घरी असतात, मूल रोज मागे लागलेलं असतं. पिल्लू येतं. महिना-दीड महिना त्याचे खूप लाड होतात. मग जूनच्या मध्यावर शाळा उघडते. मूल शाळेत, आईबाबा कामावर, आणि कालपर्यंत मांडीवर झोपणारं पिल्लू एकदम रिकाम्या घरात. ते ओरडतं, चपला फाडतं, गादीवर शू करतं. शेजारी तक्रार करतात. मग कुणी त्याला बाल्कनीत साखळीला बांधतं, कुणी बाथरूममध्ये कोंडतं, तर कुणी "शेतावर सोडून आलो, तिथे मजेत आहे" असं मुलाला सांगतं. 'माझा आवडता प्राणी' या निबंधाच्या शेवटी "पण आता तो आमच्याकडे नाही" हे वाक्य मी दरवर्षी एकदोन वह्यांत तरी वाचते.

मागच्या मे महिन्यात आमच्याही घरी पिल्लू आलं. शाळेच्या आवारात राहणाऱ्या कुत्रीचं, चांगलं दोन महिन्यांचं. (8 आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. आईचं दूध आणि भावंडांशी होणारी मारामारी, दोन्हींतून ते शिकत असतं.) कपाळावर पांढरा ठिपका म्हणून मुलीने नाव ठेवलं ठिपक्या. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघं नोकरीला, मुलगी दुसरीत, घरी सासूबाई. शाळा उघडायला सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत क्रेटचा खूप उपयोग झाला. म्हणून आज हा विषय घेतला आहे. यात पाळीव प्राण्याची माहिती तर आहेच, पण वर्गात उपयोगी पडेल असंही काही आहे.

क्रेट म्हणजे काय?

क्रेट म्हणजे पिल्लाला बसा-झोपायला केलेली, दार असलेली, सुटसुटीत बंदिस्त जागा. मराठीत आपण सरळ 'पिंजरा' म्हणतो आणि तिथेच अर्धं काम बिघडतं. शाळेत मी हा विषय काढला तेव्हा सहकारी लगेच म्हणाले, "बाई, मास्तर आणि पिंजरा म्हटलं की पुढे काय होतं ते व्ही. शांताराम यांनी 1972 सालीच दाखवलंय!" हसण्यावारी गेलं, पण शब्दाचा परिणाम होतोच. पिंजरा म्हटलं की पोपट आठवतो, सर्कशीतला वाघ आठवतो. सासूबाईंनाही तेच आठवलं. त्या म्हणाल्या, "गावाकडं आपला कुत्रा ओसरीवर झोपायचा. कुणी पिंजऱ्यात नाही घातला त्याला."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ओसरी असेल, अंगण असेल, दिवसभर माणसांची ये-जा असेल, तर क्रेटवाचून काही अडत नाही. पण फ्लॅटमध्ये वायर असतात, फिनेलची बाटली असते, बाल्कनीचे गज असतात आणि दोन महिन्यांचं पिल्लू प्रत्येक वस्तू तोंडाने तपासतं. शिवाय त्याला झोप भरपूर लागते. दिवसाचा बराचसा वेळ ते झोपूनच काढतं आणि झोपमोड झाली की चिडचिड करतं, चावे काढतं. लहान मूल असतं तसंच. आता आठवून बघा, गावातली कुत्री कुठे व्याते? जिन्याखाली, लाकडाच्या ढिगाआड, नाल्याच्या पाइपात. तीन बाजू बंद, एक बाजू उघडी, डोक्यावर काहीतरी. अशा जागेत पिल्लाला निर्धास्त वाटतं. त्याला तशी जागा घरात करून देणं हा क्रेटचा खरा हेतू.

क्रेट कशासाठी वापरायचा नाही, तेही आधीच सांगते. तो शिक्षेसाठी नाही, आणि सांभाळायला माणूस नाही म्हणून दिवसभर कोंडून ठेवण्यासाठी तर मुळीच नाही. आपल्याकडच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं, आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवून न आणणं, या सगळ्या गोष्टी क्रूरतेत मोजल्या आहेत. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेली मूलभूत कर्तव्ये आपण मुलांकडून वाचून घेतो. सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगण्याचं कर्तव्य त्यातच, अनुच्छेद 51 क मध्ये आहे.

क्रेट कसा निवडावा?

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात.

1. तारेच्या जाळीचा : घडी घालता येतो, खाली सरकता ट्रे असतो, हवा खेळती राहते. आपल्याकडच्या उकाड्याला हा सगळ्यांत बरा. 
2. प्लॅस्टिकचा : प्रवासाला चांगला, आडोसाही असतो, पण उन्हाळ्यात आत गरम होतं. 
3. कापडी : हलका असतो, पण दात येणारं पिल्लू तो आठवड्यात फाडतं. मोठ्या, सवय झालेल्या कुत्र्यासाठी ठीक. 
4. लाकडी : दिसायला छान, पण शू मुरते आणि वास जात नाही. कडाही कुरतडल्या जातात.

आपल्या गावात फॅब्रिकेशनवाला असेल तर त्याच्याकडून करून घेता येतो. मग तीन गोष्टी पाहा. दोन गजांमधून पिल्लाचं डोकं किंवा जबडा अडकायला नको. वेल्डिंगची टोकं घासून गुळगुळीत केलेली हवीत. आणि रंग पूर्ण वाळून त्याचा वास गेल्याशिवाय पिल्लू आत जायला नको. पत्र्याच्या बंद भिंती करू नका, उन्हाळ्यात त्याची भट्टी होते.

आता माप. नियम सोपा आहे. कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे आणि पाय पसरून आडवं होता आलं पाहिजे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत 4 इंच मिळवा, ती क्रेटची लांबी. उभं असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीत 3 इंच मिळवा, ती क्रेटची उंची. पण माप कुणाचं घ्यायचं? पिल्लू तर महिन्याभरात वाढतं. ते मोठं झाल्यावर केवढं होईल, त्या मापाचा क्रेट घ्यायचा. विकत घेतलेल्या जातिवंत पिल्लाचा अंदाज डॉक्टर देतात. देशी पिल्लाची आई समोर असेल तर काम आणखी सोपं. ठिपक्याच्या आईला मी बिस्किटं देत शिंप्याच्या टेपने मोजलं. लांबी 29 इंच, उंची 22 इंच. म्हणजे 33 आणि 25. बाजारात जवळचं माप 36 इंची होतं, तेच घेतलं.

इथे एक अडचण येते. एवढ्या मोठ्या जागेत पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करतं. झोपण्याची जागा ओली करायची नाही, ही त्याची उपजत सवय आपल्याला उपयोगी पडते, पण जागा बेताची असेल तरच. म्हणून क्रेटबरोबर मधली जाळी मिळते का ते विचारा. ती लावून आधी अर्धी जागा द्यायची आणि पिल्लू वाढेल तशी सरकवत जायची. जाळी नसेल तर प्लायवूडचा तुकडा घट्ट बसवला तरी चालतो.

क्रेट ठेवायचा तो माणसांमध्ये, हॉलच्या कडेला. बाल्कनीत नको, वर्दळीच्या दारात नको, ऊन येणाऱ्या खिडकीखाली नको, टीव्हीच्या शेजारीही नको. खाली जुनी सुती चादर किंवा गोधडीचा तुकडा घाला. वरून आणि तीन बाजूंनी पातळ चादर टाका, समोरची बाजू मोकळी ठेवा. पाण्याची वाटी जाळीला अडकवता आली तर सांडत नाही. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका : आत असताना गळ्यातला पट्टा काढून ठेवायचा. जाळीत अडकून गळफास बसू शकतो.

सवय लावताना थॉर्नडाईकची आठवण

डी.एड.ला आपण सगळ्यांनी पाव्हलॉव, थॉर्नडाईक, स्किनर पाठ केले. परीक्षेत तत्परतेचा, सरावाचा आणि परिणामाचा असे तीन नियम लिहून गुण मिळवले. थॉर्नडाईकचा 1898 चा प्रयोग आठवा. भुकेलं मांजर कोड्याच्या पेटीत कोंडलेलं आणि अन्न पेटीबाहेर. मांजर धडपडत, चुकत चुकत कळ दाबायला शिकतं आणि दर खेपेला आणखी लवकर बाहेर पडतं. पेटीतून सुटका कशी करून घ्यायची, हे ते शिकतं.

क्रेटमध्ये आपल्याला याच्या बरोबर उलटं हवं. म्हणून मांडणीही उलटी करायची. अन्न आत आणि दार उघडं. मग पिल्लू आत जायला शिकतं. पण पिल्लू आत ढकललं, दार लावलं आणि आपण बाहेर बसलो, तर आपण पुन्हा थॉर्नडाईकची पेटीच तयार केली. अशा पिल्लाचं सगळं लक्ष बाहेर पडण्यात राहतं. 'परिणामाचा नियम' मला खऱ्या अर्थाने तेव्हा कळला.

क्रम ठरवताना अध्यापनाचं जुनंच सूत्र उपयोगी पडतं : सुलभाकडून कठिणाकडे. आमचं सहा आठवड्यांचं नियोजन असं होतं.

पहिला आठवडा : दार मागे वळवून सुतळीने बांधून टाकलं, म्हणजे वाऱ्याने आपटून पिल्लू घाबरणार नाही. आत उकडलेल्या अंड्याचे, पोळीचे बारीक तुकडे टाकायचे आणि आपण आपल्या कामाला लागायचं. पहिल्या दिवशी ठिपक्याने फक्त मान आत घातली. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय. हाताने ढकलायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांसाठी नियम. तिसऱ्या दिवसापासून जेवणाची थाळी दाराशी, मग रोज थोडी आत. आत जाताना प्रत्येकाने एकच शब्द वापरायचा. आमचा शब्द 'खोलीत'. (खाऊ देताना चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण कधीही देऊ नका. कुत्र्यांना ते विषारी आहेत.)

दुसरा आठवडा : जेवत असताना दार नुसतं लोटायचं आणि जेवण संपण्याआधी उघडायचं. मग 10 सेकंद, 30 सेकंद, एक मिनिट. आपण समोरच बसलेले. रोज वाढवत जायचं असंही नाही. पाच मिनिटांनंतर मधेच एकदा अर्ध्या मिनिटाचा सोपा डाव द्यायचा. कच्च्या मुलाला आपण मधूनच एक सोपं गणित देतो ना, तसंच.

तिसरा आठवडा : दार बंद आणि आपण स्वयंपाकघरात. भांड्यांचा आवाज येतोय, माणूस दिसत नाही. मग जिन्यापर्यंत, मग खाली दुकानापर्यंत.

चौथा आठवडा : या आठवड्यात आम्ही मागे आलो. वळवाचा पाऊस आला, रात्री वीज कडाडली, वीज गेली, शेजारच्या गच्चीवरचा पत्रा आपटत राहिला. ठिपक्या त्या वेळी क्रेटमध्ये होता. त्यानंतर चार दिवस तो क्रेटकडे फिरकला नाही. घरात सगळ्यांचं मत पडलं की एवढं झालं होतं, आता थोडी जबरदस्ती करायला हरकत नाही. आम्ही दार पुन्हा सुतळीने बांधलं आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. पहिल्यांदा जे शिकायला सात दिवस लागले ते या वेळी तीन दिवसांत झालं. सुट्टीनंतर शाळेत आलेलं मूल बाराखडी विसरलेलं असतं, पण दुसऱ्यांदा शिकायला त्याला तेवढा वेळ लागत नाही.

पाचवा आणि सहावा आठवडा : शाळेची रंगीत तालीम. डबे भरणं, गणवेश, पर्स, किल्ल्यांचा आवाज हे सगळं खरंखुरं करायचं आणि 10 मिनिटांत परत यायचं. पिल्लू आपल्या जाण्यापेक्षा जाण्याच्या तयारीला आधी घाबरतं. किल्ल्या वाजल्या म्हणजे हे लोक जातात आणि परत येतात, एवढं त्याला कळलं पाहिजे. जाताना फार गळाभेटी नकोत, आल्यावर गोंधळ नको.

रात्री क्रेट आमच्या पलंगाशेजारी असायचा. पहिले काही दिवस मध्यरात्री एकदा, पहाटे एकदा उठावं लागलं. उठायचं, खाली न्यायचं, शू झाली की शाबासकी द्यायची आणि न खेळता परत आणायचं. दिवसाही झोपून उठल्यावर, जेवल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर. जागेत चुकून शू झालीच तर ओरडायचं नाही. पुसून, धुऊन टाकायचं.

रडू द्यावं का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. "दोन दिवस रडेल, मग होईल सवय," असं सांगणारे भरपूर भेटतात. बालवाडीच्या दाराशीही आपण हेच ऐकतो. पण रडण्यारडण्यात फरक असतो, तो शिक्षकाला कळतो. आई वळली की मिनिटभर मुसमुसून खेळण्याकडे बघणारं मूल वेगळं, आणि श्वास अडकेपर्यंत, उलटी होईपर्यंत रडणारं मूल वेगळं. पहिल्याला थोडा वेळ द्यायचा असतो. दुसऱ्याला जवळ घ्यायचं असतं.

पिल्लाचंही तेच. थोडं कुंई-कुंई करून ते वेटोळं घालत असेल तर थांबा. पण ते जाळीला चावत असेल, नखांनी खरवडत असेल, लाळ गाळत, धापा टाकत असेल, भीतीने आतच शी करत असेल, तर ती भीती आहे, हट्ट नाही. लगेच बाहेर काढा आणि दोन पायऱ्या मागे या. रडून रडून गप्प झालेलं पिल्लू शिकलं असं समजू नका. कधी कधी त्याने फक्त हाक मारणं सोडलेलं असतं. काही कुत्र्यांना बंद जागा अजिबात सोसत नाही. त्यांच्यासाठी जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि क्रेटचा आग्रह सोडा.

किती वेळ?

ढोबळ हिशोब असा की पिल्लाच्या वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवा. दिवसा साधारण तितके तास ते शू धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. ही कमाल मर्यादा आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा चार-पाच तासांपेक्षा जास्त कोंडू नये. आपली शाळा सकाळी साडेदहा ते पाच, त्यात जाण्यायेण्याचा वेळ धरा. पहिलीतलं मूलही हे गणित करून सांगेल की एवढा वेळ क्रेटमध्ये बसत नाही.

आमच्याकडे उत्तर होतं ते सासूबाईंच्या रूपाने. पण त्या तर विरोधात होत्या. मी त्यांना पटवत बसले नाही. त्यांच्या हातात दाराची कडी दिली. दार कधी लावायचं आणि कधी उघडायचं, ते त्या ठरवणार. त्या दुपारी जपाला बसल्या की दोन तास ठिपक्या आत. उठल्या की दार उघडं. बाकीचा वेळ क्रेट नुसता तिथे असतो. जुलैत मी एकदा लवकर घरी आले, तर दार सताड उघडं, ठिपक्या आत झोपलेला, आणि सासूबाई शेजारणीला हळू आवाजात सांगत होत्या, "जरा सावकाश बोला हं, तो त्याच्या खोलीत झोपलाय." पिंजरा हा शब्द आमच्या घरातून तेव्हापासून गेला.

ज्यांच्या घरी दुपारी कुणीच नसतं, त्यांनी क्रेटच्या भरवशावर पिल्लू आणू नये. दुपारी एकदा येणारा विश्वासू माणूस, शेजारी, नातेवाईक आधी ठरवा. बाळाच्या कुंपणासारखी मोकळी जागा अडवून त्यात उघड्या दाराचा क्रेट ठेवता येतो. तेही होत नसेल तर या वर्षी पिल्लू नको. सोसायटीच्या खालच्या कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं भरायचं काम मुलाकडे द्या. प्रेम करायला तेवढंही पुरतं.

मुलांसाठी नियम, आणि एक प्रश्न

घरात मूल असेल तर क्रेटचे नियम कागदावर लिहून भिंतीवर लावा. आमचे चारच होते.

• ठिपक्या खोलीत असेल तर त्याला हात लावायचा नाही, ओढायचं नाही. 
• आपण खोलीत शिरायचं नाही. 
• जाळीवर काठी, पट्टी वाजवायची नाही. 
• शिक्षा म्हणून त्याला खोलीत पाठवायचं नाही.

यातला चौथा नियम नंतर लिहिला गेला, आणि तो मुलीने लिहिला. झालं असं की ठिपक्याने तिच्या चित्रकलेच्या वहीवर शू केली. ती कमरेवर हात ठेवून, बोट नाचवत ओरडली, "जा! आत जा! आता संध्याकाळपर्यंत बाहेर यायचं नाही!" आवाज, बोट, उभं राहणं, सगळं हुबेहूब. मुलं शाळा-शाळा खेळतात तेव्हा त्यांच्यातली 'बाई' नेहमी अशीच का असते, असा विचार मनात आला. वही वाळत घातल्यावर मी तिला विचारलं, "तुला राग आला, रडू आलं, की तू कुठे जाऊन बसतेस?" ती म्हणाली, "आजीच्या खाटेमागे." मी म्हटलं, "आणि मी तुला शिक्षा म्हणून तिथेच बसवलं तर?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग मला रडू आल्यावर मी कुठे जाऊ?"

शिक्षक मित्रांनो, या प्रश्नाने मी घराबरोबर माझ्या वर्गाकडेही पाहू लागले. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली, छड्या गेल्या. पण जागांच्या शिक्षा अजून आहेत. "जा, मागे जाऊन बस." "गप्प बसायचं नसेल तर ग्रंथालयात जाऊन बस." "खेळाचा तास बंद, वर्गातच बसायचं." वाचनकोपऱ्यात शिक्षा म्हणून बसवलेलं मूल उद्या आपणहून तिथे पुस्तक घ्यायला जाईल का? आपण जागा बिघडवतो आणि मग म्हणतो की मुलांना वाचनाची गोडी नाही.

या नियमाला सुरक्षिततेचीही बाजू आहे. जिथून पळायला वाट नाही तिथे छेडलेलं कुत्रं चावतं. पिल्लाचं रेबीजचं पहिलं इंजेक्शन साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर असतं, ते चुकवू नका. आणि कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, मग ते घरचं का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. हे वर्गातही मुलांना जरूर सांगा.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

चौथी-पाचवीला लांबी मापन शिकवताना मुलांना गटात बसवून 'आमच्या कुत्र्याचं घर' आखायला द्या. कुत्र्याचं माप तुम्ही फळ्यावर लिहा, 4 इंच आणि 3 इंच मिळवायचा नियम सांगा. मुलं खडूने जमिनीवर तेवढी चौकट काढतील. मग त्यात एकाने बसून, वळून बघायचं. जागा म्हणजे काय, हे मुलांना तिथे अंगाने कळतं. इंचाचे सेंटिमीटर करायला 1 इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर हे वापरता येतं. शेवटी एकच प्रश्न चर्चेला ठेवा : "या घराला दार असावं का, आणि कडी कुणाच्या हातात असावी?" माझ्या वर्गात या प्रश्नावर पाऊण तास गेला. एकाने सांगितलं, "दार असावं, पण आतूनसुद्धा उघडता यावं."

मूल्यमापन

पिल्लाला क्रेटची सवय झाली की नाही, हे कसं ओळखायचं? दार बंद असताना ते गप्प बसलं, यावरून ठरवू नका. दार उघडं आहे, घरात माणसं आहेत, खाऊ दिलेला नाही, आणि तरी दमलेलं पिल्लू आपल्या पायाने आत जाऊन वेटोळं घालतं का, ते पाहा. दिवाळीत फटाके वाजायला लागले की ते पलंगाखाली थरथरत न बसता आपल्या खोलीत जातं का, ते पाहा. तसं होत असेल तर त्याला पूर्ण गुण द्या, आणि तुम्हालाही.

यंदाच्या सुट्टीत तुमच्या घरी पिल्लू येणार असेल, तर क्रेटच्या आधी कॅलेंडर हातात घ्या आणि शाळा उघडायला किती आठवडे आहेत ते मोजा. सहा असतील तर आजच सुरुवात करा. दोनच असतील, तर दिवाळीची वाट पाहा. तोवर मुलाला समजावून सांगा की पिल्लू आणणं एका दिवसाचं काम आहे, पण ते आपल्या घरी राहावं यासाठी आधी आपली तयारी व्हावी लागते.